प्रायोगिक नाटक म्हणजे काय, आणि ते लहान जागेत का करतात?

दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सुरू झाली, की सोलापूरच्या दैनिकांत नाटकांच्या बातम्या आणि परीक्षणे येऊ लागतात. त्यांत ‘प्रायोगिक’, ‘हौशी’, ‘समांतर’ हे शब्द इतक्या सहजपणे वापरलेले असतात, की वाचणाऱ्याला त्यांचे अर्थ ठाऊकच असणार असे धरून चालल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात बहुतेकांच्या मनात नाटकाचे चित्र एकच असते: हुतात्मा स्मृती मंदिरात मुंबई-पुण्याहून आलेले, मालिकांतले ओळखीचे चेहरे असलेले, दोन अंकांचे नाटक. या चित्रात न बसणारे काही पाहायला मिळाले, म्हणजे साठ-सत्तर खुर्च्या मांडलेल्या आहेत, पडदा नाही, मध्यंतर नाही आणि नट प्रेक्षकांच्या शेजारून चालत येतो आहे, तर ‘याची तयारी अपुरी राहिली होती का?’ असा प्रश्न मनात येतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे सरळ उत्तर देता येते. त्यासोबतच सोलापुरात अशा नाटकाची खरी अडचण नटांची किंवा प्रेक्षकांची नसून दुसऱ्याच एका गोष्टीची आहे, असे माझे ठाम मत आहे. तेही इथे मांडले आहे.

तीन शब्द, तीन वेगळे हिशेब

व्यावसायिक नाटकात निर्माता पैसे गुंतवतो आणि तिकीटविक्रीतून ते परत मिळवतो. नट आणि तंत्रज्ञ यांना प्रत्येक प्रयोगामागे ठरलेले मानधन मिळते. त्याला या क्षेत्रात ‘नाईट’ म्हणतात. हौशी नाटक करणारी माणसे पोटासाठी बँकेत, शाळेत, महापालिकेत किंवा कारखान्यात काम करतात आणि संध्याकाळी तालमीला जमतात. म्हणजे हे दोन शब्द पैसा आणि उपजीविका यांच्याविषयी सांगतात, नाटक कसले आहे याविषयी नाही.

‘प्रायोगिक’ या शब्दाचा निकष वेगळा आहे. ज्या नाटकात विषय, मांडणी, अभिनयाची पद्धत किंवा प्रेक्षकाला बसवण्याची रीत यांपैकी काहीतरी नव्याने तपासून पाहिले जाते आणि गल्ला भरला नाही तरी ते तपासणे सोडले जात नाही, ते प्रायोगिक. ‘समांतर’ हा शब्द जवळपास याच अर्थाने, पण मुख्य प्रवाहाच्या शेजारून चालणारी चळवळ सुचवण्यासाठी वापरतात. त्यामुळे एखादे नाटक हौशी असूनही अजिबात प्रायोगिक नसू शकते. चाळीस वर्षांपूर्वी गाजलेली एखादी विनोदी संहिता त्याच जागी हशा घेत पुन्हा करणे हे हौशी आहे, त्यात आनंदही आहे, पण त्यात तपासून पाहिलेले काही नाही.

ही परंपरा आली कुठून

१८८७ साली पॅरिसमध्ये आंद्रे आंत्वान या गॅस कंपनीतल्या कारकुनाने ‘तेआत्र लिब्र’ नावाची लहान नाट्यसंस्था काढली. मोठी नाट्यगृहे ज्या संहितांना हात लावत नव्हती, त्या तो करीत असे. प्रयोग वर्गणीदारांसाठी असत, आणि सार्वजनिक प्रयोगांना लागू असलेल्या सरकारी तपासणीतून अशा खाजगी प्रयोगांना सवलत मिळे. कमी प्रेक्षक, आधी जमा झालेली वर्गणी आणि त्यातून मिळालेले विषयाचे स्वातंत्र्य, ही सांगड तेव्हापासून जगभर पुन्हा पुन्हा घातली गेली.

मराठीत १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगमंचावर आणले. संगीत नाटकाच्या भरजरी पडद्यांऐवजी घरातल्या खोलीसारखी खोली आणि घरातल्यासारखे बोलणे त्यात होते. पण सातत्याने आणि जाणीवपूर्वक काम सुरू झाले ते १९६० साली स्थापन झालेल्या ‘रंगायन’पासून. विजया मेहता, विजय तेंडुलकर, श्रीराम लागू, अरविंद देशपांडे ही नावे तिथे एकत्र आली. पुढे १९७१ साली अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी सहकाऱ्यांसह ‘आविष्कार’ काढली आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले. शाळेचे ते साधे सभागृह होते. नाट्यगृह म्हणून ते बांधलेलेच नव्हते. तरीही मराठी रंगभूमीच्या इतिहासात ‘छबिलदास’ हे एका चळवळीचे नाव होऊन बसले, आणि त्याचे कारण अगदी व्यवहारी होते: परवडणाऱ्या भाड्यात, ठरलेल्या जागी, वारंवार प्रयोग करता येत होते.

सोलापूरकरांना या इतिहासातले एक नाव जवळचे वाटेल. डॉ. जब्बार पटेल यांचे शालेय शिक्षण सोलापूरच्या हरिभाई देवकरण प्रशालेत झाले. त्यांनी दिग्दर्शित केलेले ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली पुण्यात ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ या संस्थेने रंगमंचावर आणले. वाद झाला, संस्थेने प्रयोग थांबवले आणि कलाकारांनी १९७३ साली ‘थिएटर अकॅडमी’ स्थापून ते पुढे चालू ठेवले. त्या नाटकात नटांची रांगच भिंत होते, तीच पडदा होते, तीच पुण्याची गर्दी होते. लाकूड-कापडाच्या सेटचे काम माणसांच्या शरीरांकडून करून घेता येते, हे त्यातून सगळ्यांना दिसले आणि नंतर कितीतरी नाटकांनी ती रीत उचलली.

लहान जागेत नेमके काय बदलते

लहान जागा म्हणजे परिस्थितीने लादलेली तडजोड, असे अनेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. पैसे कमी असतात, हे निर्विवाद. पण अंतर कमी झाले की अभिनयाचे व्याकरणच बदलते, आणि हे अगदी मोजून दाखवता येते.

सामान्य दृष्टी असलेल्या माणसाच्या डोळ्याला २० मीटरवरून साधारण ६ मिलिमीटरपेक्षा लहान तपशील वेगळा ओळखता येत नाही. ४ मीटरवरून मात्र तो एक-सव्वा मिलिमीटरपर्यंतचा तपशील टिपू शकतो. पापणी किंचित लवणे, ओठाचा कोपरा आत ओढला जाणे या हालचाली दोन-तीन मिलिमीटरच्या असतात. मोठ्या नाट्यगृहात मागच्या रांगेला त्या पोहोचतच नाहीत, म्हणून तिथला नट तोच भाव मान वळवून, हात उचलून, आवाज चढवून दाखवतो. ते कौशल्यच आहे आणि त्याला कमी लेखण्याचे काही कारण नाही. परंतु पहिल्या रांगेपासून दोन हातांवर बसलेल्या नटाने तसे केले तर ते खोटे वाटते. त्याला खरोखर ऐकावे लागते, खरोखर गप्प बसावे लागते.

आवाजाचेही तेच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. बंद खोलीत भिंतींमुळे इतकी उतरत नाही, तरी माइकशिवाय कुजबुज पोहोचवायची असेल तर प्रेक्षक जवळच हवा. इथे आपल्या गावातली एक साधी अडचण येते, ती पंख्यांची. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. खोलीतले सहा पंखे पूर्ण वेगाने फिरू लागले की कुजबुजीतले शब्द विरून जातात आणि पंखे बंद केले की दहा मिनिटांत प्रेक्षक रुमालाने वारा घेऊ लागतात. जाणती मंडळी नाटकातले शांत प्रवेश कुठे आहेत हे आधी पाहतात, तेवढ्यापुरते पंखे मंद करण्यासाठी एक माणूस बटणांच्या फळीपाशी उभा करतात आणि एप्रिल-मेमध्ये शक्यतो प्रयोग ठेवतच नाहीत.

प्रकाशाचे गणितही असेच हाताशी येते. नाट्यगृहात वापरतात तो ‘पार’ दिवा साधारण १००० वॅटचा असतो. शाळेच्या वर्गातल्या १६ अँपियरच्या एका प्लगवर २३० व्होल्टला सुमारे ३६८० वॅट भार पेलतो, म्हणजे असे तीनच दिवे लागतात, चौथा लावला की फ्यूज जाण्याची धास्ती. तीनच दिवे असतील तर दिग्दर्शकाला ठरवावे लागते की कोणता चेहरा उजळायचा आणि कोणता कोपरा काळोखात सोडायचा. आता कमी विजेचे एलईडी दिवे मिळतात आणि अडचण बरीच हलकी झाली आहे. पण तीन दिव्यांत नाटक बसवलेल्या माणसाला प्रकाश कशासाठी हवा असतो हे कळलेले असते, आणि ते ज्ञान पुढे मोठ्या रंगमंचावरही उपयोगी पडते.

मोठ्या नाट्यगृहातला रंगमंच समोरच्या एकाच बाजूने उघडा असतो. त्या रचनेला ‘प्रोसिनियम’ म्हणतात. खोलीत किंवा अंगणात प्रेक्षक तीन बाजूंनी किंवा गोल बसवता येतात. मग नटाची पाठ नेहमीच कोणाकडे तरी असते आणि प्रेक्षकाला नटाच्या पलीकडे दुसरे प्रेक्षक दिसत राहतात. घरातला अत्याचार, जात, पोलीस चौकशी अशा विषयांवरच्या नाटकात हे फार परिणामकारक ठरते, कारण आपण पाहतो आहोत हे दुसरे कोणीतरी पाहते आहे, ही जाणीव पुसता येत नाही.

यंत्रमागाच्या गावात हे एका उदाहरणाने सांगता येईल. चादरीचे नवे नक्षीकाम आधी आलेख-कागदावर काढतात, त्यावरून जॅकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी, भोकांची कार्डे पाडतात आणि पूर्ण माल काढण्याआधी नमुन्याचा तुकडा विणून पाहतात. तुकडा लहान असतो, पण रंग एकमेकांवर कसे बसतात, फूल कुठे ताणले जाते, हे त्यात सगळे कळते, आणि चूक निघाली तर थोडेच सूत वाया जाते. लहान नाटकाला चूक करण्याची ही मुभा असते. मात्र हे साम्य एका जागी संपते: नमुन्याचा तुकडा पुढच्या मालासाठी असतो, लहान नाटक स्वतःच पूर्ण असते. ते उद्या मोठ्या रंगमंचावर जावे म्हणून केलेले नसते, आणि नाही गेले तरी त्यात काही उणे राहत नाही.

पैशांचे गणित

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, कोणत्याही एका संस्थेचे नाहीत. समजा १०० खुर्च्या आहेत आणि तिकीट १०० रुपये आहे. सगळ्या भरल्या तर १०,००० रुपये जमतात. जागेचे भाडे २,०००, दिवे आणि ध्वनी २,५००, सामानाचा टेम्पो १,५००, लेखकाचे मानधन १,०००, चहा-नाश्ता १,००० आणि छपाई ५०० धरली तर खर्च ८,५०० होतो. उरले १,५००. दहा माणसांत वाटले तर प्रत्येकी १५० रुपये, म्हणजे तालमीला येण्या-जाण्याचे पेट्रोलही सुटत नाही.

आता यात तालमींच्या काळातला, कपड्यांचा आणि नेपथ्याचा एकदाच होणारा खर्च मिळवा. तो ४०,००० धरू. प्रत्येक प्रयोगातून १,५०० उरत असतील तर तो भरून यायला २७ प्रयोग लागतील. कोणी २०,००० रुपयांची देणगी दिली तर १४ प्रयोगांत हिशेब जुळेल. आणि एकच प्रयोग झाला तर? मग ३८,५०० रुपये मंडळींच्या खिशातून गेले, असा त्याचा अर्थ.

या छोट्या गणितातून दोन गोष्टी कळतात. पहिली, व्यावसायिक निर्माता अनोळखी विषयाला का बिचकतो: त्याचा खर्च याच्या अनेक पट असतो आणि नटांच्या नाईटपासून जाहिरातीपर्यंत सगळे रोख द्यावे लागते. त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. दुसरी, लहान नाटकाचा खरा आधार खुर्च्यांची संख्या वाढण्यात नसून प्रयोगांची संख्या वाढण्यात आहे. पुढचे सगळे म्हणणे या दुसऱ्या गोष्टीवर उभे आहे.

कायद्याला काय हवे असते

महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगाआधी संहिता ‘रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळा’कडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. या पूर्वतपासणीला ज्येष्ठ दिग्दर्शक अमोल पालेकर यांनी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिकेद्वारे आव्हान दिले होते. संहिता तालमीत बदलत जाणाऱ्या नाटकांना ही अट विशेष जाचक होते, कारण तपासणीसाठी पाठवायला पक्का मजकूर आधी असावा लागतो आणि इथे तर तो शेवटी तयार होतो.

जीएसटीच्या बाबतीत दिलासा आहे: नाटकाचे तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर कर लागत नाही. लेखकाच्या हक्काचे मात्र अनेक मंडळी सोयीस्करपणे विसरतात. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत संहितेचे हक्क वारसांकडे असतात आणि प्रयोगासाठी परवानगी घ्यावी लागते. हौशी मंडळीने पैसे न घेता, बिनतिकीट प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. तिकीट लावले की ती सूट संपते. सूट असली तरी लेखकाला एक पत्र किंवा फोन करावा, असे मला वाटते. नव्या लेखकाच्या दृष्टीने आपले नाटक कुठे, कोणी केले हे कळण्याचे मोल मानधनाइतकेच असते.

‘पण ही नाटके समजत नाहीत’

हा आक्षेप सर्वांत जुना आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. न समजण्याची कारणे तीन प्रकारची असतात. काही वेळा कथा सरळ क्रमाने सांगितलेली नसते. एकच नट बाप आणि मुलगा दोन्ही होतो, काल आणि आज एकाच जागी घडतात. ही सवयीची बाब आहे. तमाशाच्या वगात राजा दोन पावले चालला की राज्य बदलते आणि कीर्तनकार एकटाच पाच पात्रे उभी करतो, हे आपल्याला कधी अवघड वाटले नाही. काही वेळा नाटक मुद्दामच उत्तर देत नाही, कारण लेखकाकडेही ते नसते आणि तो प्रश्न प्रेक्षकासोबत वाटून घेऊ पाहतो.

तिसरे कारण म्हणजे नाटकच कच्चे असते. हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. दिग्दर्शकाला स्वतःलाच काय म्हणायचे आहे ते सापडलेले नसते आणि धूर, लाल दिवा, संथ चाल यांच्या आड ते लपवलेले असते. असे नाटक पाहून ‘कळले नाही’ म्हणणाऱ्या प्रेक्षकाला अडाणी ठरवणे चुकीचे आहे. ओळखण्याची एक सोपी खूण अशी: चांगल्या प्रायोगिक नाटकात अर्थ लागला नाही तरी पुढच्या क्षणी काय होणार याची उत्सुकता टिकते. ती टिकली नाही तर दोष बहुधा नाटकाचा.

‘ही मोठ्या शहरांतल्या सुखवस्तू लोकांची हौस आहे’

मुंबई-पुण्यात संस्था, शिक्षण आणि समीक्षा जास्त असल्याने असे दिसते खरे. परंतु साधनांशिवाय नाटक करण्याची वाट दुसऱ्या बाजूनेही आली आहे. कोलकात्यात नाटककार बादल सरकार यांनी १९७० च्या दशकात नाट्यगृह सोडले आणि ‘तिसरी रंगभूमी’ मांडली: सेट नाही, महागडे दिवे नाहीत, खोलीत, अंगणात किंवा मैदानात प्रयोग आणि प्रेक्षक देतील तेवढे पैसे. तिकिटाच्या किमतीने कोणी बाहेर राहू नये, हा त्यामागचा साधा विचार होता.

आपल्या जिल्ह्यात तर याची मुळे आणखी जुनी आहेत. बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह १९४० च्या दशकात ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. डफ, तुणतुणे, पहाडी आवाज आणि चौकात जमलेले कामगार, एवढ्या भांडवलावर ती रंगभूमी चालली. तिच्या आणि छबिलदासच्या नाटकांत विषयांचा आणि मांडणीचा फरक मोठा आहे. पण प्रेक्षक जवळ असावा आणि साधने हाताशी असतील तेवढीच असावीत, हा धागा दोन्हीकडे आहे.

‘स्पर्धा आहेत, मग आणखी काय हवे?’

माझे मुख्य म्हणणे इथे आहे. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ साली सुरू झाली आणि महाराष्ट्रातल्या छोट्या-मोठ्या शहरांत नाटक जिवंत ठेवण्याचे मोठे श्रेय तिला आहे. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ ‘रंगायन’ने १९६७ साली याच स्पर्धेच्या निमित्ताने केले होते. सोलापुरातही दिवाळीच्या आसपास तालमींना जी धार येते ती स्पर्धेमुळेच. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात मूकनाट्य आणि एकांकिका करून कितीतरी मुले या वाटेला लागतात.

तरीही स्पर्धेचा एक परिणाम नजरेआड करता येत नाही. दोन-अडीच महिने तालमी होतात, एक प्रयोग होतो, निकाल लागतो आणि अंतिम फेरीत गेले नाही तर नाटक तिथेच संपते. सामान कोणाच्या तरी माळ्यावर जाते. पहिल्या प्रयोगात नटाला फक्त आपले शब्द आणि जागा आठवत असतात. प्रेक्षक कुठे श्वास रोखतो, कुठे चुळबुळ करतो, हे त्याला तिसऱ्या-चौथ्या प्रयोगात ऐकू येऊ लागते. दिग्दर्शक एखादा प्रवेश काढून टाकण्याचे धाडस पाचव्या प्रयोगानंतर करतो. म्हणजे जे तपासायचे म्हणून नाटक घेतले, ते तपासण्याआधीच खेळ आटोपलेला असतो. शिवाय परीक्षकांसाठी बसवलेल्या नाटकात, नकळत का होईना, गुण कशाला मिळतात याचा विचार शिरतो: प्रकाशयोजनेला वेगळे बक्षीस असेल तर दिवे गरजेपेक्षा जास्त बदलतात, नेपथ्याला असेल तर लेव्हल्सची, म्हणजे रंगमंचावरच्या उंच-सखल चौथऱ्यांची, उतरंड उभी राहते.

सोलापूरला नट कमी पडले नाहीत. अतुल कुलकर्णी यांनी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जाण्याआधी इथल्याच ‘नाट्य आराधना’ या हौशी संस्थेत काम केले होते. चांगले काम करणारे तरुण पुण्या-मुंबईला निघून जातात अशी खंत वारंवार व्यक्त होते, पण वर्षाकाठी एक-दोन प्रयोगांवर कोणताही नट वाढत नाही आणि तो जातो तेव्हा बहुधा काम शोधत जातो. त्याला इथे वर्षात तीस संध्याकाळी प्रेक्षकांसमोर उभे राहता आले असते, तर निदान काहींचा निर्णय वेगळा झाला असता. आपल्याकडे कमतरता आहे ती दुसऱ्या, तिसऱ्या आणि दहाव्या प्रयोगाची.

‘इथे प्रेक्षकच येत नाहीत’

हजार प्रेक्षक येत नाहीत, हे मान्य. पण दहा प्रयोगांना प्रत्येकी ऐंशी माणसे आली तरी आठशे होतात. लाखो लोकसंख्येच्या शहरात वर्षभरात एखादे नाटक पाहायला आठशे माणसे मिळणार नाहीत, असे मला वाटत नाही. ती एकाच संध्याकाळी, एकाच हाकेला येत नाहीत, एवढेच. पहिल्या प्रयोगाला आलेल्या माणसाने घरी, कार्यालयात सांगेपर्यंत नाटक बंद झालेले असते. ऐकून यायला दुसरी तारीखच शिल्लक नसते. तोंडी प्रसिद्धी ही लहान नाटकाची एकमेव परवडणारी जाहिरात आणि एकाच प्रयोगाची पद्धत नेमकी तीच तोडून टाकते.

आणखी एक गोष्ट सोलापूरलाच लागू आहे. इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. पूर्व भागातल्या घरात आई तेलुगूत रागावते, मुलगा मराठीत उत्तर देतो आणि दारावरच्या दुकानदाराशी दोघेही हिंदीत बोलतात. राज्यभर दौरा करायच्या व्यावसायिक नाटकाला अशी मिश्र भाषा चालत नाही, कारण नाशिक-नागपूरला ती अडेल. ऐंशी सोलापूरकरांसमोर होणाऱ्या नाटकाला मात्र ती पूर्ण चालते, किंबहुना त्याचे तेच बळ ठरेल. इतक्या भाषा ज्यांच्या कानात आहेत त्या प्रेक्षकांसाठी प्रमाण मराठीतच लिहीत राहणे, ही मला मोठी हुकलेली संधी वाटते.

जागा कुठून आणायची

हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह आहे आणि मोठ्या नाटकांसाठी ते लागतेच. पण ऐंशी प्रेक्षकांचे नाटक तिथे केले तर रिकाम्या खुर्च्यांचीच जाणीव होत राहते आणि भाडेही अंगावर येते. डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृहातही प्रामुख्याने मोठे कार्यक्रम होतात. त्या तुलनेत हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या अ‍ॅम्फी थिएटरसारखी जागा लहान प्रयोगाच्या मापाला अधिक जवळची आहे. आणि शाळा तर शहरभर आहेत, ज्यांची सभागृहे संध्याकाळी सहानंतर कुलूपबंद असतात.

नवे नाट्यगृह बांधण्याची मागणी करण्याआधी मला वाटते एवढे करून पाहावे: दोन-तीन संस्थांनी मिळून एक जागा घ्यावी आणि महिन्यातला एक वार पक्का करावा, उदाहरणार्थ दुसरा शनिवार, संध्याकाळी साडेसात. त्या दिवशी तिथे काहीतरी असणारच, हे लोकांच्या मनात बसायला वर्ष लागेल. सुरुवात पूर्ण नाटकाने करण्याचीही गरज नाही. अभिवाचन, म्हणजे संहिता हातात घेऊन केलेले अभिनयपूर्ण वाचन, हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे. त्यानंतर एकांकिका आणि मग मध्यंतर नसलेला तास-सव्वा तासाचा दीर्घांक. स्पर्धेत झालेली नाटके तर तयारच असतात. त्यांतली दोन निवडून जानेवारीत गड्ड्याची यात्रा उरकली की फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा लावली, तर तालमींवर झालेल्या खर्चाचे चीज होईल आणि उन्हाळा चढायच्या आत चार-सहा प्रयोग पदरात पडतील.

शाळेकडे जाताना तोंडी परवानगीवर थांबू नये. वीजभार किती आहे, खिडक्यांना काळे कापड लावता येईल का, खुर्च्या कोण मांडणार आणि उचलणार, रात्री किती वाजेपर्यंत थांबता येईल, अनामत किती, हे सगळे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. रात्री दहा वाजता कुलूप लावण्यासाठी थांबणाऱ्या शिपायाच्या जादा वेळेचे पैसे खर्चाच्या यादीत पहिल्या ओळीत धरावेत. ते प्रयोगाच्या दिवशी नुसत्या विनंतीवर निभावून नेऊ नयेत.